आमच्या परजीवी वन्सं

अक्षराची आणि शुद्धलेखनाची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली. वेलांटी कुठल्या बाजूला वळवायची ते पक्कं व्हायच्या आतच सुटली. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. माझ्या लेकीच्या, साक्षीच्या जुन्या वहीत कोरी पानं उरली आहेत, दुपारी मेंढरं आणि मामंजी रानात असतात आणि घरात मी एकटी असते. ज्या माणसाबद्दल तोंडानं बोलायची सोय नसते, त्याच्याबद्दल लिहिलं की बरं वाटतं. समजा कुणाच्या हाती लागलंच, तर त्यानं चुका सोडून माणूस बघावा.

माणूस म्हणजे आमच्या वन्सं. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, सुमन.

नवीन माणूस दारात आला की बाकीचे लोक गाव विचारतात, कुणाचा कोण विचारतात. आमच्या वन्सं त्याला कणा आहे का ते बघतात. जगातले सगळे प्राणी त्यांच्या लेखी दोनच प्रकारचे. कणा आहे ते पृष्ठवंशी, नाही ते अपृष्ठवंशी. निवडणुकीच्या आधी एक पुढारी आमच्या ओसरीवर बसून चहा पिऊन गेले. ह्यांचंही बरोबर म्हणाले, त्यांचंही बरोबर म्हणाले. वन्संनी कपबशी उचलता उचलता निकाल दिला, "अपृष्ठवंशी. गोगलगाईचा गट." दुसऱ्या दिवशी शेजारची कोंडाबाई शेळीवरून भांडायला आली. कमरेवर हात ठेवून तिनं आमच्या सात पिढ्या काढल्या. मी घरात लपले. वन्सं उंबऱ्यात उभ्या राहून कौतुकानं ऐकत होत्या. ती गेल्यावर म्हणाल्या, "कणा बघ बाईचा. पृष्ठवंशी हाय हो!"

माझा नवरा मुंबईला भाजी मार्केटात हमाली करतो. पोत्याखाली त्याचा कणा रोज वाकतो, पण घरात आला की तो असतो की नाही हे मलाही सांगता यायचं नाही. आईपुढं 'व्हय आई', माझ्यापुढं 'व्हय मंगल', आणि वन्सं माघारी आल्यापासून 'व्हय आक्का'. वन्संनी त्याला फोनवरच सांगितलं, "तू गांडूळ हायस रं." तर हा हसून म्हणतो, "गांडूळ शेतकऱ्याचा मित्र असतो, आक्का." अशा माणसाला काय करायचं?

वन्संचं लग्न झालं होतं. वर्षाच्या आत नवऱ्यानं आणून सोडलं. का सोडलं ते या घरात कुणी बोलत नाही. मग कुणाच्या तरी ओळखीनं त्या पाचगणीला एका बोर्डिंगच्या शाळेत लागल्या, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत. काचेच्या नळ्या धुवायच्या, सूक्ष्मदर्शक पुसायचे, बरण्यांवरची धूळ झटकायची. स्वतः नववीपर्यंत शिकलेल्या, पण वर्गात सर जे शिकवायचे ते नळ्या विसळता विसळता यांच्या कानावर पडायचं. असं ऐकून ऐकून सगळा जन्म गेला. एखाद्याला देवळाशेजारी राहून आरत्या पाठ होतात, तसं वन्संचं झालं.

त्या प्रयोगशाळेत एक प्लास्टिकचा सांगाडा होता. त्याला त्या गणपतराव म्हणायच्या. हे आम्हाला फार उशिरा कळलं. आधी नुसतं कानावर यायचं. वन्सं घरी राहायला आल्यावर तिथल्या एका बाईंचा फोन आला की वन्सं काळजीनं विचारायच्या, "गणपतराव बरं हाईत नव्हं? मान सैल झालीती त्यांची." मी आणि कोंडाबाईनं गणपतरावांवर बराच विचार केला होता. कोंडाबाईचं म्हणणं, माणूस विधुर असणार. एक दिवस धीर करून तिनंच विचारलं, "गणपतराव सोभावानं कसं हाईत?" वन्सं म्हणाल्या, "लय चांगलं. अगदी हाडाचं."

नोकरी संपल्यावर त्या इथं माण तालुक्यात, माहेरी आल्या, साक्षी नववीत असताना. सोबत एक पेटी, एक छत्री आणि एक काचेची बरणी. बरणीत पिवळट पाणी आणि पाण्यात लांबच लांब पांढरी फीत, गुंडाळून ठेवलेली. वर इंग्रजीत चिठ्ठी. शाळेनं टाकायला काढली म्हणून यांनी उचलून आणली. आणून ठेवली कुठं, तर माझ्या लोणच्याच्या बरण्यांच्या रांगेत. मामंजींना डोळ्यांनी कमी दिसतं. भाकरी घेऊन बसले आणि मला म्हणाले, "मंगल, ही कुरडई कशापायी भिजत घातलीया गं?"

"आबा, कुरडई न्हाई ती," वन्सं म्हणाल्या, "पट्टकृमी हाय. माणसाच्या आतड्यात ऱ्हातो."

मामंजींनी त्या दिवसापासून कुरडई सोडली.

आल्या त्या दिवशी जेवताना मामंजी म्हणाले, "सुमे, बरं झालं आलीस. आता कुठं जाऊ नगंस." वन्सं हसल्या. म्हणाल्या, "आता कुठं जाती? आता मी तुमच्या घरातली परजीवी."

तो शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. विचारला असता तर गोष्ट तिथंच संपली असती. पण मी कुणाला काही विचारत नाही. शाळेत एकदा गुरुजींना एक विचारलं होतं, वर्ग हसला, तेव्हापासून जे कळत नाही ते मी माझं मीच लावून घेते. भाकरी भाजता भाजता मी लावलं. परगाव म्हणजे दुसरं गाव. परोपकारी म्हणजे दुसऱ्यावर उपकार करणारा. मग परजीवी म्हणजे दुसऱ्यासाठी जगणारा. सरळ आहे.

आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आल्या नाहीत तोवर, पहिल्याच घासाला, स्वतःच्याच तोंडानं! मी या घरात आल्यापासून शेणघाण काढते, मेंढरांची दुखणी काढते, सासूबाईंचं अंथरूण-पांघरूण शेवटपर्यंत मी केलं. मी कधी म्हटलं का, मी परजीवी आहे म्हणून?

बरं, एकदा म्हणून थांबल्या नाहीत. दुसरी भाकरी वाढली की, "वाढ बाई परजीवीला." कोंडाबाई म्हणाली, "लेकीचा आधार झाला म्हाताऱ्याला," तर म्हणतात, "आधार कसला, परजीवी हाय मी." कोंडाबाई पदर तोंडाला लावून मला नंतर म्हणाली, "लय मोठं मन हाय गं तुझ्या नणंदेचं." मी म्हटलं, "मोठं हाय म्हणून तर समद्या गावाला दिसतंय."

स्वयंपाकघरात तर त्यांनी माझं काही राहू दिलं नाही. बटाट्याला बटाटा म्हणायची चोरी. "ते खोड हाय, मंगल. जमिनीखाली वाढलं म्हणून मूळ हुतं व्हय? रताळं मूळ. बटाटा खोड. वर्गीकरण चुकतंय तुझं." हे त्यांचं लाडकं वाक्य. मीठ कमी पडलं तरी चालेल, वर्गीकरण चुकता कामा नये. जाळ्यातल्या कोळ्याला मी किडा म्हटलं तर आठ पाय मोजायला लावले. किड्याला सहाच असतात म्हणे. वटवाघूळ पिलाला दूध पाजतं म्हणून ते पाखरू नव्हे. एका एकादशीला त्यांनी मामंजींच्या ताटात वांग्याचं भरीत वाढलं. "फळं चालत्यात न्हवं? वांगं शास्त्रानं फळच हाय." मामंजींनी विठ्ठलाकडं बघितलं, भरताकडं बघितलं, आणि शास्त्राचा मान राखला.

मामंजी एरवी मात्र त्यांना ऐकायचे नाहीत. "आबा, मेंढीच्या पोटाला चार कप्पं असत्यात," असं वन्संनी सांगितलं तेव्हा म्हणाले, "म्हणून तर दुष्काळात भरत न्हाईत, चारीच्या चारी."

उन्हाळ्यात मसाला करायला बसलो. मिरच्या भाजून झाल्या, खोबरं झालं, मी दगडफूल निवडत होते. वन्संनी त्यातलं एक उचलून साक्षीपुढं धरलं. "हे फूल न्हवं, बरं का. ह्यात दोघं ऱ्हात्यात. एक शैवाल, एक बुरशी. शैवाल उन्हावर अन्न करतंय, बुरशी दगडाला धरून ठिवती, ओल राखती. दोघांचं मिळून हे एक. कोण कुठं संपतंय ते कळत न्हाई." साक्षी हातातलं काम टाकून बघत बसली. तिच्या डोळ्यांत जे दिसलं ते मला कधी मिळालं नव्हतं. मी त्याच दगडफुलाचा मसाला तिला आयुष्यभर खाऊ घातला, आणि डोळे मोठे झाले ते आत्याच्या सांगण्यानं.

साक्षी माझी एकुलती एक. शाळेतून आली की आधी दप्तर माझ्या अंगावर फेकायची आणि दिवसभराचं सांगायची. वन्सं आल्यापासून दारातूनच हाक, "आत्या!" दोघी ओसरीवर डोक्याला डोकं लावून बसायच्या. आतून मला ऐकू यायचं. पेशी, केंद्रक, तंतुकणिका. मला वाटायचं दोघींची काहीतरी वेगळी भाषा आहे आणि मला मुद्दाम कळू देत नाहीत.

मग मीही एक शब्द चोरला. हरितद्रव्य. दिवसभर मनात घोकला, पाणी आणताना, शेणी थापताना. रात्रीच्या जेवणाला साक्षीच्या ताटात मेथी वाढली आणि अगदी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "खा गं, हरितद्रव्य असतंय ह्यात." साक्षीनं मान वर केली. मला वाटलं, आता डोळे मोठे होणार. ती म्हणाली, "आत्यानं शिकिवलं व्हय तुला?"

मी मेथीचं पातेलं आत नेऊन ठेवलं.

कानाच्या पाळीचं तर विचारू नका. साक्षीला आनुवंशिकतेचा धडा होता. आई-बापाचं पोरांत काय काय उतरतं तो. तिनं घरातल्या सगळ्यांचे कान तपासले. मामंजींची पाळी गालाला चिकटलेली, वन्संची चिकटलेली, तिची स्वतःची चिकटलेली. माझी सुटी. "आई, मी आत्यावर गेले!" असं ओरडत अंगणात नाचली.

मी म्हटलं, "कान त्यांचं असत्याल. ऐकत तर माझं बी न्हाईस."

वन्संना ते पुरलं नाही. मला जवळ बोलावून माझाही कान बघितला. "मंगल, तुझी पाळी सुटी दिसती, पर चिकटलेलीचा गुण तुझ्यातबी लपून बसलाय. दोन्हीकडनं आल्याबिगर पोरीत उतरत न्हाई." म्हणजे पोरीवर हक्क सांगून झाला, आता माझ्या आतही यांचं काहीतरी निघालं. मी कान पदरानं झाकला.

हे सगळं मी गिळलं असतं. पण दहावीच्या वर्षात वन्संनी एक दिवस मामंजींपुढं विषय काढला. साक्षीला डोकं आहे, तिला सायन्सला घालायची, आणि चांगल्या शिकवणीसाठी साताऱ्याला ठेवायची. एक खोली घ्यायची. पोर एकटी नको, वन्सं स्वतः सोबत राहणार. माझ्या मनात दहिवडीचं कॉलेज होतं. सकाळी एसटीनं जाईल, संध्याकाळी माझ्या हातची भाकरी खायला माघारी येईल. साताऱ्याला गेली म्हणजे दोन वर्षं आत्याच्या ताटात. दोन वर्षांनी सुट्टीला येईल ती कुणाची लेक म्हणून येईल? मी हो म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. रोज रात्री साक्षी विचारायची, "आई, ठरलं का गं?" आणि मी म्हणायची, "तुझ्या बापाला येऊ दे."

बाप आला जत्रेला. मटण झालं, अंगणात पंगत बसली. मामंजी, वन्सं, साक्षी, हे. मी वाढत होते. साक्षीनं विषय काढला. ह्यांनी नळी चोखत विचार केल्यासारखं केलं.

"आक्का म्हणती तसं करू," हे म्हणाले. मग माझ्याकडं बघितलं. "न्हाईतर मंगल म्हणंल तसं."

"मंगल काय म्हणणार?" मामंजी म्हणाले. "सुमी शिकल्याली हाय. तिला कळतंय."

आता मी न बोलणारी बाई. माझा आवाज शेजारच्या घरात कधी गेला नाही. पण त्या दिवशी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि काय झालं ते मलाच कळलं नाही.

"आक्का म्हणती, आक्का म्हणती! पोरगी जलमली तवा कुठं हुती आक्का? आल्या तवापासनं ऐकतीया, उठता-बसता, मी परजीवी, मी परजीवी! तुमी कसल्या वो परजीवी? ह्या घरातली खरी परजीवी कोण आसंल तर ती मी हाय! लगीन लागलं त्या दिवसापासनं ह्या घराची परजीवी मीच हाय, इचारा गावात कुणालाबी!"

कोंडाबाई भिंतीवरून डोकावत होती.

मामंजींनी मान डोलावली. "खरं हाय पोरीचं. कुणी न्हाई म्हणू नये."

"व्हय," हे म्हणाले. "मंगल परजीवीच हाय. मी तर मार्केटात समद्यांस्नी सांगतो."

"आमच्या डोळ्यापुढं हाय की समदं," भिंतीवरून कोंडाबाई म्हणाली.

साक्षीच्या तोंडातला घास बाहेर आला. ती हसायला लागली ती थांबेचना. पोट धरून हसली, डोळ्यांतून पाणी आलं. मग उठून घरात पळाली आणि ती बरणी घेऊन आली. दिव्याखाली धरली. पांढरी फीत पाण्यात हलली.

"आई, परजीवी म्हणजे हा! गोचीड, ऊ, जंत, ते सगळे परजीवी. दुसऱ्याच्या अंगावर न्हाईतर पोटात ऱ्हायचं, त्याचंच खायचं, आणि त्याला काही द्यायचं न्हाई. त्याला परजीवी म्हणत्यात!"

कोंडाबाईचं डोकं भिंतीखाली गेलं. ह्यांनी नळी ताटात ठेवली. आता हसायची पाळी सगळ्यांची होती, आणि हसलेही थोडे.

वन्सं हसल्या नाहीत. त्या ताटातल्या भाकरीचा तुकडा बोटानं ढकलत होत्या, इकडून तिकडं. म्हणाल्या, "ते मी माझ्यापुरतं म्हणत हुते, मंगल. तुला न्हाई लागत ते."

मला दया आली असं लिहिलं तर खोटं होईल. आधी रागच आला. एवढे दिवस मी ज्या मानासाठी जळत होते तो मान नव्हताच. जळण फुकट गेलं. मग अंथरुणावर पडले तेव्हा एकेक आठवायला लागलं. वाढ बाई परजीवीला. दुसरी भाकरी घेतानाच म्हणायच्या, पहिलीला कधी नाही. आम्ही सगळे माना डोलवायचो, कुणी एकदाही 'असं कशाला बोलता' म्हटलं नाही. कसं म्हणणार? आम्हाला वाटायचं बाई आपली थोरवी सांगते. नवऱ्यानं सोडलं, बापाच्या घरी राहायला लाज वाटली म्हणून पाचगणीला गेल्या, आणि म्हातारपणी माघारी यावं लागलं तर दारातच स्वतःला ते नाव देऊन आत आल्या. दुसऱ्या कुणी द्यायच्या आधी.

सकाळी उठले तर वन्संनी पेटी भरायला काढली होती. बरणी जुन्या साडीत गुंडाळत होत्या.

"पाचगणीला त्या शाळेतल्या बाईंच्या घरामागं एक खोली मोकळी हाय," त्या म्हणाल्या. "मी जाती. साक्षीला दहिवडीला घाल तू. पोर आईपाशी बरी."

म्हणजे मी जिंकले होते. मला हवं ते सगळं, न मागता. चुलीपुढं बसून मी चहा टाकला. साखर घालायची विसरले, मग दोनदा घातली. अंगणात वन्संनी झाडून काढलेलं दिसत होतं. मेंढरांची शेणघाण निघालेली होती. भाकऱ्यांचं पीठ मळून परातीत झाकून ठेवलेलं होतं. हे त्या रोज करायच्या, मी उठायच्या आधी, आणि मी रोज मनात म्हणायची, पुढं-पुढं करतात.

मी चहा घेऊन गेले आणि पेटीचं झाकण लावून त्यावरच बसले, त्यांना पुढं भरता येऊ नये म्हणून.

"वन्सं, एक इचारू?"

मी काही विचारते आहे याचंच त्यांना नवल वाटलं असावं. हातातलं काम थांबलं.

"जंत सकाळी उठून अंगण झाडतो व्हय?"

त्यांनी बरणी खाली ठेवली.

"गोचीड पीठ मळती? पोरीचा अभ्यास घेती? म्हाताऱ्याच्या डोळ्यात औषध घालती?"

"मंगल..."

"वर्गीकरण चुकलंय तुमचं," मी म्हणाले.

त्यांनी तोंड फिरवलं. चहा गार झाला तरी फिरवलेलंच होतं. आतून मामंजी ओरडले, "चा मिळंल का न्हाई आज?" तेव्हा कुठं आम्ही उठलो.

साताऱ्याला दोघी जाव्यात असं मीच ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "व्हय मंगल." पण मी अट घातली. साक्षीनं रोज संध्याकाळी मला फोन करायचा, आणि दिवसभराचं आधी मला सांगायचं. वन्संनी मान्य केलं. उदार झाले असं कुणी समजू नये. एसटी फाट्यावर दोघी चढल्या, साक्षीनं खिडकीतून हात हलवला आणि लगेच आत तोंड करून आत्याला काहीतरी विचारायला लागली, तेव्हा मला जे वाटलं त्याला वन्संकडं काहीतरी शास्त्रातलं नाव असणार. मला ते नको होतं.

फोन रोज यायचा. साक्षी सांगायची. बेडूक आता कापत नाहीत, संगणकावर दाखवतात, त्यामुळं आत्या नाराज आहे. घरमालकीण पृष्ठवंशी आहे. आत्याला शेजारच्या पोरी पण आत्याच म्हणतात. मी हूं हूं करायची. 'आत्या' किती वेळा आलं ते मोजायचं नाही असं मी ठरवलं होतं.

मागच्या महिन्यात भर दुपारी फोन आला. साक्षीचा नव्हता, वन्संचा.

"साक्षीला ताप हाय. घाबरू नगंस. डॉक्टरला दाखिवलं, औषध चालू हाय. ताप म्हणजे शरीर लढतंय. पांढऱ्या पेशी..." एवढं बोलून त्या थांबल्या. वन्सं वाक्य अर्धं सोडत नाहीत कधी. मग वेगळ्याच आवाजात, लहान पोरीनं विचारावं तसं म्हणाल्या, "मंगल, डोळं मिटून पडलीया, पर झोप लागंना तिला. सकाळपासनं असंच. नुसती कण्हती. तू काय करतीस गं, तिला ताप आला की?"

मी दारात उभी होते. मला माहीत होतं काय करायचं ते. ताप आला की साक्षीला माझ्या साडीचा पदर हातात लागतो. धुतलेला नाही चालत, अंगावरचाच लागतो, घामाचा, चुलीचा. मुठीत धरते आणि झोपते. एवढीशी होती तेव्हापासून. तिला स्वतःलाही हे ठाऊक नसेल, कारण सकाळी मी तो सोडवून घेते. ह्यांना ठाऊक नाही, कुणालाच नाही. वन्संच्या साऱ्या शब्दांत नसलेली ही एकच गोष्ट माझ्याकडं उरली होती.

संध्याकाळची एसटी होती. मी येते, असं म्हणता आलं असतं. तोंडात आलंही होतं.

"पदर द्या तिच्या हातात," मी म्हणाले.

"तुझी साडी न्हाई गं हितं."

"तुमच्या अंगावरचा द्या."

"माझा?" वन्सं म्हणाल्या. "माझ्या पदराला डांबरगोळ्यांचा वास येतो, मंगल. तिला तुझाच लागत आसंल."

"येऊ द्या वास. द्या तुमी."

त्यांनी फोन कुठंतरी ठेवला. बंद केला नाही. मला पंख्याचा आवाज येत होता, खाट करकरली तो आला, कुठंतरी खाली भाजीवाला ओरडत होता. साक्षी कण्हली. मी फोन कानाला घट्ट लावून उभी राहिले. हात अवघडला तरी बदलला नाही.

कण्हणं थांबलं. मग वन्संचा आवाज आला, इतका हळू की मला आधी वाटलं पंखाच आहे.

"मंगल, धरला गं तिनं."

मी आता फोनचा हात बदलला.

"झोपली. घट्ट धरून ठिवलाय. आता मला उठता येईना."

"उठू नका," मी म्हणाले.